आवाज गेला तो रविवार

चौतीस वर्षं ते एकाच थिएटरचे ऑपरेटर होते. दर रविवारी दुपारी बाराला तोच जुना हिंदी मारधाडीचा सिनेमा लागायचा आणि हॉल भरायचा. कोण कधी गोळी खाणार हे सगळ्यांना तोंडपाठ. तरी ऐन वेळी माणसं श्वास रोखून बसत.

ऑपरेटरांचा थोरला भाऊ शिंपी होता. बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत, प्रोजेक्टरच्या केबिनच्या खिडकीखाली त्याची ठरलेली खुर्ची. सिनेमातला खलनायक बंद दारावर थाप मारून विचारायचा, "दरवाजा तू खोलेगा, या मैं?" ते वाक्य दादा त्याच्या जरा आधीच म्हणायचा, आणि 'या'वर असा रेंगाळायचा की अंगावर काटा यायचा. ते वाक्य दादाचंच. दुसरं कुणी त्याला हात लावत नसे.

दादा गेल्यावर चौथ्या महिन्यात, एका रविवारी मध्यंतरानंतर आवाज गेला. मशीनमधला, ज्याच्या उजेडावर आवाज चालतो तो छोटा दिवा उडाला होता. नवा खणात होता, दोन मिनिटांचं काम. ऑपरेटरांनी नवा दिवा हातात घेतला, तोच खालून एका बाईनं नायकाच्या आईचं वाक्य म्हटलं. मग कुणी नायकाचं, कुणी मित्राचं. बघता बघता सगळा हॉल बोलू लागला, पडद्यावरच्या ओठांबरहुकूम. हसत कुणीच नव्हतं.

थापेचा प्रसंग आला आणि सगळे गप्प झाले.

"दरवाजा तू खोलेगा... याऽऽ... मैं?"

पुढच्या दोन रांगा एकदम मागे वळल्या. ऑपरेटरांनी खिडकीतून मान वाकवून पाहिलं. खुर्चीत कुणी नव्हतं. पण उठलं की आपोआप मिटणारी ती खुर्ची उघडीच होती.

पुढचा अर्धा तास खलनायकाचं प्रत्येक वाक्य तिथूनच आलं. ऑपरेटर दिवा मुठीत घेऊन ऐकत राहिले.

खेळ सुटल्यावर माणसं भराभर निघून गेली. डोअरकीपर पायरीवरूनच म्हणाला, "मी नाही येत तिकडे. तुमचा भाऊ, तुम्हीच बघा."

ऑपरेटर दादाच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. "दादा," ते म्हणाले, "सिनेमा संपला रे." बराच वेळ काही झालं नाही. मग स्प्रिंग कुरकुरली आणि खुर्ची हळूहळू मिटली.

घरी त्यांनी वहिनीला सगळं सांगितलं. ती धुतलेले कपडे घडी करत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "माझं काही विचारलं का त्यांनी?"

"नाही वहिनी. सिनेमातलंच बोलत होता."

"वाटलंच मला," ती म्हणाली, आणि रडता रडता हसली.

दुसऱ्या दिवशी मालक खुशीत होते. "पुढच्या रविवारीही आवाज बंदच ठेवू. लोक तुटून पडतील."

"दिवा बसवलाय," ऑपरेटर म्हणाले. "काढायचा असेल तर दुसरा माणूस बघा."

मालकांनी विषय सोडला. पुढच्या रविवारी थापेच्या प्रसंगाला एकट्या खलनायकाचाच आवाज घुमला. तरीही बाल्कनीतल्या माणसांनी एकदा मागे वळून पाहिलंच.