ठेवून घेतलेले डबे

मंचरला कॉलेज होतं. घरापासून एसटीनं पाऊण तास. तरी मी ओतूरलाच जाणार म्हणून आठ दिवस तोंड फुगवून बसले होते. कारण काही थोर नव्हतं. मंचरला गेलं की रोज संध्याकाळी घरी यावं लागणार, आणि घरी आलं की गोठा, चूल, भांडी. "तुला आमचा एवढा कट्टाळा आलाय का गं?" आईनं विचारलं, तर मी ताडकन "हो" म्हणाले. राग माझ्या नाकावर कायमचा मुक्कामाला. त्या वयात तर विचारूच नका.

शेवटी अण्णा म्हणाले, जाऊ दे तिला. आईनं एकच अट घातली, की जेवण घरचंच जाईल.

आमची वस्ती पारगावच्या बाजूला, उसाच्या रानात. हाकेच्या अंतरावर दुसरं घर नाही. वस्तीपासून फाट्यापर्यंत दहा मिनिटांची वाट, दोन्ही अंगांना ऊस. पहाटे सहाला फाट्यावरून नारायणगावमार्गे ओतूरला जाणारी एसटी यायची. आई डबा कंडक्टरच्या हातात द्यायची आणि तो ओतूरच्या स्टँडवर माझ्या हातात पडायचा. आदल्या दिवशीचा रिकामा डबा मी दुपारच्या गाडीनं परत पाठवायचे. तो दिवस मावळता फाट्यावर पोचायचा आणि आई घ्यायला उभी असायची. आमच्या भागातल्या कितीतरी पोरापोरींची कॉलेजं अशा डब्यांवर झाली. आमच्या घरात असे डबे दोनच होते.

ओतूरला मी एका मारवाडी कुटुंबाच्या घरात राहत होते. खाली त्यांचं धान्याचं दुकान, वर माझी खोली. काकू, म्हणजे घरमालकीण, दिवस असतानाच जेवायच्या आणि मलाही वेळेवर जेवायला लावायच्या. कॉलेजात सर इंग्रजीतून शिकवायचे आणि माझ्या डोक्यावरून जायचं. पहिला महिना मी रडले नाही. म्हणजे रडले, पण न्हाणीत, नळ सोडून. दुपारी डबा उघडला की बाजरीच्या भाकरीचा वास यायचा आणि जिवात जीव यायचा. हे मी घरी कधी कबूल केलं नाही.

दसऱ्याला कारखाना सुरू झाला. अण्णा तिथं गव्हाणीवर कामाला, म्हणजे ऊस यंत्रात ढकलतात त्या जागी. हंगामात शिफ्टा अशा की कधी दिवसभर घरात नाहीत, कधी संध्याकाळपासून. आई आणि कुत्रा, दोघंच वस्तीवर.

त्याच सुमारास कंडक्टर एकदा हसत म्हणाला, "ताई, तुमच्या आईला गाण्याचा लई नाद दिसतोय राव. पहाटंचं रेडिओ मोठ्यानं लावून फाट्यावर हुबी असती." मीही हसले. पण खोलीवर जाताना वाटेत थबकले. आईला रेडिओची भारी चीड. अण्णांनी बातम्या लावल्या तरी ती म्हणायची, बंद करा ते कोकलणं. मला काही उमगेना, आणि मनातून ते जाईना.

रविवारी घरी गेले. कुत्रा पुढं आला नाही. त्याची साखळी खुंटीला तशीच, पुढचा पट्टा नव्हता. "कुत्रं कुठाय?" तर आई म्हणाली, "आसंल कुठंतरी." पाच वाजले नाहीत तोच तिनं गुरं आत घेतली आणि गोठ्याच्या दाराला आडणा लावला. अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ, एक घमेलं पालथं पडलं होतं. उचलून जागेवर ठेवावं म्हणून मी हात घातला, तशी आई ओरडली, "राहू दे ते!"

मी उचललंच. खाली ओल्या मातीत पंजा उमटला होता. माझ्या तळहाताएवढा, सुबक.

"फॉरेस्टवालं येणार हायेत बघाया," आई म्हणाली. "पुसू नका म्हणलेत, म्हणून झाकलाय."

"वाघ?"

"बिबट्या हाय गं. उसात ऱ्हातो. त्यो काय करतोय आपल्याला?"

टाकीपासून आमचं दार चार पावलांवर होतं. मग मला तो रेडिओ कळला, आवाजानं जनावर लांब राहावं म्हणून लावलेला, आणि डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही. ही बाई अंधारात, उसाच्या मधून, एका हातात रेडिओ आणि दुसऱ्या हातात माझ्या भाकरी घेऊन चालत होती. रोज. दिवसातून दोनदा.

"उद्यापासून डबा बंद," मी म्हणाले.

"आन् मेसचं तू खाशील?"

"खाईन."

"खाल्लंस! वरणात बोट बुडवून उठशील."

भांडभांड भांडलो. अण्णांना मध्ये घ्यावं, तर ते शिफ्टवर. सोमवारी पहाटे ती मला फाट्यावर सोडायला आली, रेडिओ कोकलतोय, आणि मी गाडीत चढता चढता तिनं डबा माझ्याच हातात कोंबला.

मंगळवारी पुन्हा डबा आला. मी कंडक्टरला म्हणाले, घेऊ नका हो तिच्याकडून. तो म्हणाला, "न्हाई घेतला तर गाडीला आडव्या होतील त्या." तेही खरंच होतं.

मग मला अक्कल सुचली. डबे दोन. एक आज आलेला, एक कालचा. दोन्ही माझ्याकडंच राहिले तर पाठवणार कशात? मी दुपारी स्टँडवर गेलेच नाही. दोन्ही डबे घासून कॉटखाली सरकवले आणि संध्याकाळी मेसला जेवले. कारण मुद्दाम कळवलं नाही. कळवलं असतं तर तिनं शेजारच्या वस्तीवरून तिसरा डबा आणला असता.

बुधवारी सकाळी डबा आला नाही. गुरुवारीही नाही. माझा जीव भांड्यात पडला. पातळ वरण ओरपताना स्वतःवरच खूश होते. जन्मात पहिल्यांदा मी आईपुढं जिंकले होते.

तीन दिवस संध्याकाळी फाट्यावर काय चाललं होतं, हे मला कुठं माहीत?

शुक्रवारी सकाळी, येत नाही माहीत असूनही, सवयीनं स्टँडवर गेले. गाडीतून अण्णा उतरले. कारखान्याच्याच कपड्यांत, डोळे लाल.

"आईला मंचरला दवाखान्यात ठिवलीया," म्हणाले. "चल."

गाडीत त्यांनी सांगितलं. काल तिन्हीसांजेला गावाच्या वाटेवर बिबट्यानं मागून झेप घातली. उसाचा ट्रॅक्टर समोरून आला आणि त्याच्या उजेडानं जनावर हटलं, म्हणून वाचली. खांद्याला आणि मानेखाली टाके. जीव गेला नाही, पण उजवा हात धड राहील की नाही, डॉक्टर सांगत नव्हते. "गावाकडं कशाला चालली व्हती, तेच मला कळंना," अण्णा पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चाऱ्याला म्हणती. चारा तर घरात पडलाय."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. पेठ-मंचरकडं जाणाऱ्या गाड्या, तोडलेलं रान, मोळ्या. सगळं दिसत होतं आणि काही दिसत नव्हतं.

दवाखान्यात अण्णा औषधं आणायला बाहेर गेले तेव्हा आईनं डोळे उघडले. माझा चेहरा, हात, सगळं नजरेनं चाचपलं.

"आजारी व्हतीस का?"

"नाही."

"मग डबा का नाय आला?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळूहळू तिनंही सांगितलं. पहिल्या दिवशी वाटलं, गाडी चुकली असंल. म्हणून शेवटची गाडी येईस्तोवर फाट्यावर थांबली. दुसऱ्या दिवशीही तशीच. तिसऱ्या दिवशी तिला खात्रीच झाली की पोरगी अंथरुणाला खिळलीय आणि कुणी सांगत नाही. काकूंचा फोन नंबर कॅलेंडरवर लिहिलेला होता. तो कागद फाडून घेऊनच ती फाट्यावर आली, आणि त्याही गाडीत डबा नाही म्हटल्यावर तशीच गावात फोन करायला निघाली. रेडिओ घरीच राहिला. वाटेवरचा अर्धा ऊस त्याच दिवशी तोडला होता, आणि त्यात दडणारं जनावर बाहेर पडलं होतं.

"मी तुझ्यासाठीच..." मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले. या वेळी नळ नव्हता.

"गप," ती म्हणाली. "ऐक. अण्णांना यातलं काय बी सांगू नको. त्यांना कळलं तर आजच्या आज तुझं कॉलेज बंद करतील. मी चाऱ्याला गेले व्हते. तेवढंच."

"पण आई..."

"तेवढंच म्हणते ना."

अण्णा औषधं घेऊन आत आले. मी डोळे पुसले आणि त्यांच्या हातातली पिशवी घेतली. पुढच्या आठवड्यात मी टर्मचे पेपर दिले आणि चांगल्या मार्कांनी पास झाले. ओतूरलाच पदवी झाली, पुढं नोकरी लागली.

आईचा उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही तो नाहीच. वेणी घालायला तिला दुसरं माणूस लागतं. मी दर सुट्टीला घरी जाताना ठरवते, या खेपेला अण्णांना सांगायचंच. आता काय करणार आहेत ते? कॉलेज थोडंच बंद करणार आहेत? पण तोंड उघडत नाही. इतकी वर्षं ते त्या चाऱ्यावरून तिला बोलत आले आणि ती ऐकून घेत आली.

परवा जेवताना अण्णांनी ती हकिगत माझ्या मुलीला सांगितली. हातवारे करून, रंगवून. "तुझी आजी बघ, चार पेंढ्यांपायी वाघाच्या तोंडात गेली. येडीच ती!"

मुलगी हसली. आईही हसली. मीही हसले.