जावेच्या वाटणीची हिरवळ

माझ्या धाकट्या जावेइतकी समाधानी बाई पनवेल तालुक्यात दुसरी नसेल, आणि तिच्याइतका राग मला आजवर कुणाचा आलेला नाही. भात पावसात आडवं झालं तरी ही म्हणायची, "पेंढा तर मिलंल." नवरा गेला तेव्हा पोटभर रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "घोरायचा लय. आता झोप तरी लागंल." माझाही नवरा घोरायचा. मला हे कधी सुचलं नाही.

पळस्प्याच्या अलीकडे आमची भातशेती होती. ती गोल्फच्या मैदानाला गेली. दोन भावांची वाटणी आधीच झालेली, त्यामुळे कुणाच्या जमिनीचं काय झालं ते आम्हाला अजून नेमकं ठाऊक आहे. तिच्या वाट्यावर हिरवळ आली, तळं आलं, झेंडे आले. माझ्या वाट्यावर गाड्या लावायची जागा आली. देवालाही माझी जाऊच आवडते.

जमीन दिलेल्या घरातल्या माणसांना सोमवारी सकाळी फुकट खेळू देऊ, असं मैदानवाले बोलले होते. गावानं ते हसण्यावारी नेलं. माझी जाऊ पहिल्याच सोमवारी कासोटा मारून, नातीचे बूट घालून हजर. ती पडेल म्हणून मी सोबत गेले. पडेल अशी आशा होती असं म्हटलं तरी चालेल.

पडली नाही. पण तिचा खेळ भयंकर आहे. भात झोडायचं असल्यासारखी काठी उचलते आणि चेंडू वाटेल तिकडे जातो. बाकीचे लोक फटका चुकला की काठी आपटतात, स्वतःलाच शिव्या घालतात. ही कपाळावर आडवा हात धरून बघते आणि चेंडू कुठं पडला ते खुशीत सांगते. वाळूच्या खड्ड्यात, म्हणजे जिथं तिचं खळं होतं तिथं गेला तर, "खल्यात गेला." तळ्यात गेला तर, "खालच्या खाचरात. थितं पानी तवाबी साचायचं." झाडीत गेला तर सावलीला बसला. तिथं एक शिकवणारा मास्तर आहे. तो मुंबईच्या साहेबलोकांना तासन्‌तास सांगतो, मन प्रसन्न ठेवा, वाईट फटका विसरा. एकदा त्यानं हिला विचारलं, "आजी, चेंडू हरवल्याचं तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"हरवतोय कुटं, मास्तर? आमच्याच शेतात पडतोय ना?"

तेव्हापासून तो आपल्या साहेबांना हिच्याकडे बोट दाखवून शिकवतो. तेही मला बघावं लागतं.

दिवाळीच्या आधी मास्तरानं बायकांची चढाओढ ठेवली, जिंकणारीला कप. खांदा कॉलनीतल्या शिकाऊ बायका आल्या होत्या, टोप्या, हातमोजे घालून. त्या दिवशी जावेचा चेंडू दगडावर आपटला तरी उडून झेंड्याजवळ जाई. शेवटच्या झेंड्यापर्यंत ही सगळ्यांच्या पुढे. मी माझ्या वाट्यावर, गाड्यांच्या सावलीत बसले होते. आता तो चांदीसारखा कप हिच्या कपाटात, आणि मी तो जन्मभर बघणार. एकवीरा आईला नवस बोलायची लाज वाटली, नाहीतर बोलले असते.

जावेनं काठी उचलली. चेंडू कुंपणावरून उडाला, एका गाडीच्या टपावर आपटला आणि गडगडत माझ्या चपलेशी येऊन थांबला. "आजी, हद्दीबाहेर गेला," मास्तर म्हणाला. "दंड पडेल." कप कॉलनीत गेला.

आता तरी हिचं तोंड पडेल म्हणून मी बघत होते. लग्न होऊन आली तेव्हापासून वाट बघतेय. ती कुंपणाशी आली, तारेला हात लावून उभी राहिली.

"बाय, तुमच्या वावरात माजा चेंडू आलाय."

पूर्वी तिची गाय माझ्या बांधावर आली की ती अशीच यायची, आणि मी गाय सोडण्याआधी मनसोक्त भांडायचे. आता इथं नुसतं डांबर. माझी मुलंसुद्धा या जागेला पार्किंग म्हणतात.

"मिलायचा नाय," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे. घरातच हाय."

आणि गेली, त्या कॉलनीवालीचा कप हातात घेऊन बघायला.

चेंडू माझ्या खिडकीत आहे. येताजाता तिला दिसतो, पण तिनं अजून मागितलेला नाही. मागायला येईल तेव्हा काय काय बोलायचं, ते मी ठरवून ठेवलंय.