दोनशे ऐंशी लिटरची बाग

वत्सलामावशी रोज सकाळी घरामागच्या भिंतीपाशी एका चपट्या दगडावर बसायच्या आणि पाण्याच्या मीटरशी बोलायच्या. हातात बशी, बशीत चहा. समोर पाइपला जोडलेलं पितळी मीटर. त्याच्या काचेखाली लिटरचे आकडे आणि पाणी वाहू लागलं की गरगर फिरणारी एक लाल चांदणी. बागेतले सहा फवारे सुरू झाले की मावशी वाकून म्हणायच्या, "हां, चाल बाप्पा. घाई नको करू." चांदणी जरा मंद झाली की उठायच्या, सहाही फवाऱ्यांवरून कान लावत फिरायच्या आणि एकाचं नोजल काढून फुंकायच्या. बोअरच्या खारट पाण्याचा पांढरा खडा अंगठ्यावर घेऊन मला कुंपणावरून दाखवायच्या. "पाह्यलं का भाऊ? याचा घसा बसला होता."

अमरावतीत बडनेरा रोडच्या एका कॉलनीत आमची चार घरं एकाला एक लागून होती. बांधणाऱ्याने चौघांत मिळून एक बोअर आणि एक पाच हजार लिटरची टाकी दिली होती. टाकीतून चार बागांना चार पाइप. मी बँकेत नोकरीला, मूळचा अकोल्याचा. मावशी मूळच्या हिवरखेडच्या, भाजीपाला आणि फुलं पिकवणाऱ्या घरातल्या. यजमान गेल्यावर एकट्याच राहायच्या. मुलगा प्रवीण अकोल्याला. कंबर दुखते म्हणून त्यानेच आईला फवारे बसवून दिले होते. पहिल्या दिवशी मावशींनी ते पाहून नाक मुरडलं होतं. "हे काय, झाडाच्या तोंडावर पानी शिपडनं? झाडाले काय चक्कर आली?" आठ दिवसांत मात्र त्या फवाऱ्यांच्या प्रेमात पडल्या. भावाच्या मळ्यातून कलमं आणून त्यांनी गुलाब लावले, मोगरा लावला, कडेने पालक आणि मेथी. चारही घरांच्या देवांना फुलं त्यांच्याकडूनच जात.

पण मीटर त्यांनी हौसेने बसवलं नव्हतं. ते माझ्यामुळे बसलं.

तो मे महिना होता. सकाळी काठोकाठ भरलेली टाकी दुपारी तळ दाखवू लागली. पाणी जातं कुठे, म्हणून चार घरांची माणसं माझ्या ओसरीवर जमली. सगळ्यांच्या मनात होतं ते मी बोलून टाकलं. "मावशी, तुमच्या बागेला फार पाणी लागतं. उन्हाळाभर फवारे बंद ठेवा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत, पण चेहरा उतरला. "मोजलं का तुमी?"

"त्यात काय मोजायचं? दिसतंच आहे. एवढी हिरवीगार बाग आहे तुमची."

"माहा पालक हिरवा हाय म्हनून मी चोर? मोजल्याबिगर कोनाले चोर म्हनू नये भाऊ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रहीमभाई प्लंबरला बोलावून टाकीपाशी आपल्या पाइपवर मीटर बसवून घेतलं आणि चौघांना समोर उभं करून फवारे सोडले. रोजच्यासारखेच दहा मिनिटांनी बंद केले. दोनशे ऐंशी लिटर. पाच हजारांच्या टाकीतले दोनशे ऐंशी! तरी मी हटलो नाही. मीटर नवीन आहे, चुकत असेल, म्हणालो. आज ते वाक्य आठवलं की माझेच कान तापतात.

मावशी म्हणाल्या, "बरं. आठ दिवस मी पानीच देत नाई. मंग पाहू."

आणि त्यांनी खरंच दिलं नाही. अमरावतीच्या मे महिन्यात आठ दिवस! पालक दुसऱ्या दिवशी लोळला. मेथी गेली. गुलाबांची पानं करपून गळू लागली. मावशी घरात भांडी घासलेलं पाणी बादलीने मोगऱ्याला घालायच्या आणि गुलाबांकडे पाठ करून बसायच्या. माझी बायको मला म्हणाली, "माणसानं किती हट्टी असावं!" ती मावशींबद्दल बोलत नव्हती.

टाकी रोज दुपारी रिकामी होतच राहिली.

नवव्या दिवशी मावशी रहीमभाईंना घेऊन माझ्या दारात आल्या. "दोन घरी लावून पाह्यलं. तिथं काई नाई. आता तुमच्या पाइपाले लावतो मीटर."

"माझं लॉन टायमरवर आहे, मावशी. पहाटे सहा मिनिटं फवारे उडतात आणि आपोआप बंद होतात."

"मंग भ्याचं काहून?"

चारही घरांची माणसं जमली, बोअर लावून टाकी पुन्हा भरली आणि टाकीपाशी मीटर लागलं. माझे फवारे बंद, टायमर बंद, नळ बंद. आम्ही सगळे वाकून काचेत पाहू लागलो. लाल चांदणी जत्रेतल्या पाळण्यासारखी फिरत होती. मावशी खुदकन हसल्या. "भाऊ, तुमचं लॉन तं झोपेत पानी पेऊन राह्यलं!"

मला पटेना. पाइप फुटला असता तर चिखल दिसला असता, जमीन ओली झाली असती. अंगणात तर हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. मावशींनी चप्पल काढली आणि 'ळ'चा 'य' करणाऱ्या आपल्या वऱ्हाडीत म्हणाल्या, "कायी जमीन हाय भाऊ. उन्हायात तिच्या भेगा पार खोल जातात. हंडेच्या हंडे पेते अन् ढेकर बी देत नाई." संध्याकाळची उन्हं कलली होती, तरी जमीन चटके देत होती. मावशी टाकीपासून माझ्या पाइपच्या रेषेवरून अनवाणी, एकेक पाऊल टेकवत निघाल्या. डोळे मिटलेले. कडुलिंबाजवळ थांबल्या. एक पाऊल मागे गेल्या, पुन्हा पुढे आल्या. "इथं. इथं तयव्याले गार लागून राह्यलं. खोदा."

रहीमभाईंनी दोन फूट खोदलं तेव्हा पहिला चिखल लागला. पाइपच्या सांध्यात कडुलिंबाचं बोटाएवढं मूळ घुसलं होतं आणि सांधा उकलला होता. रोजचं हजारो लिटर पाणी तिथून भेगांत चाललं होतं. आता आठवलं की उन्हाळाभर तो कडुलिंब कसा तरारलेला होता, आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला त्याची सावली कौतुकाने दाखवत होतो.

मी सगळ्यांसमोर हात जोडले. "मावशी, चुकलं माझं. तुमची बाग माझ्यामुळे वाळली."

त्यांनी माझे हात खाली केले. "तुमाले काय मालूम होतं? पानी जमिनीत होतं, तुमच्या पोटात थोडी होतं. गुलाबाची मुयं जित्ती हायेत, फुटतीन ते. पाइप जोडा पयले."

तासाभरात सांधा बसला. चांदणी थांबली. आता फवारे नीट उडतात का ते पाहायला मी टायमर हाताने सुरू केला. माझ्या लॉनमधून एकदम आठ कारंजी वर आली. आम्ही सगळे भराभर मागे सरलो. मावशी सरल्या नाहीत. चष्मा काढून त्यांनी माझ्या बायकोच्या हातात दिला, पदर खोचला आणि सरळ मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. अडुसष्ट वर्षांची बाई, दोन्ही हात पसरून, तोंड वर करून! पाणी केसांवरून, लुगड्यावरून निथळत होतं.

"मावशी, सर्दी होईल!" मी ओरडलो.

"होऊ द्या! लहानपनापासून पान्यात कामच केलं. पानी सोडाले वाफ्याले दार मोडा, पाटाचे दांड बांधा. खेयले नाई कधी. या व पोरीहो, काय पाहून राह्यल्या?"

आधी माझी बायको गेली, मग शेजारच्या दोघी. शेवटी रहीमभाई सोडून सगळेच भिजलो. ते पाना हातात घेऊन हसत होते आणि "दस मिनट हो गये, बंद करो!" म्हणत होते. बंद करायला कुणी तयार नव्हतं.

गुलाब खरंच फुटले. मावशींच्या मीटरची कीर्ती कॉलनीभर झाली. लोक त्यांना बोलवायचे आणि त्या रिक्षात मीटर मांडीवर घेऊन जायच्या. मी माझ्या पाइपवर कायमचं मीटर लावून घेतलं, आणि दर रविवारी मावशी ते तपासायला यायच्या. तपासणीला पाच मिनिटं लागत, चहाला दीड तास.

गेल्या हिवाळ्यात गुडघ्यांनी फारच हट्ट धरला, तेव्हा प्रवीण आईला कायमचं अकोल्याला न्यायला आला. निघताना सगळ्यांचे डोळे ओले होते. मावशी बागेतून एक चक्कर मारून आल्या आणि गाडीत बसल्या. मला वाटलं, आता त्याही रडतील. त्यांनी काच खाली केली, आमच्याकडे पाहून हात हलवला आणि पुढे बसलेल्या मुलाला विचारलं, "काय रे, तुमच्या बिल्डिंगले बाग हाय का?"

"हाय ना माय. पण पार वायून गेली. कोनी पाहतच नाई तिकळे."

मावशी सीटवर ताठ झाल्या.

"मंग इथं उभा काहून राह्यला? चालव गाडी!"