ऊद तळहाताला लावू नये

नवापूरच्या पोल्ट्रीत अर्धं आयुष्य काढलेला योसेफ रस्त्याने निघाला की गल्लीतली मांजरं त्याच्या मागे लागत. कोंबड्यांचा वास अंगात मुरलेला. त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. बायको होती तोवर तीही तिथेच अंडी वेचायची, मग घरात नाक मुरडणार कोण? ती गेल्यावर तो बरीच वर्षं एकटा राहिला, आणि या वयात, कुणालाही न विचारता, त्याचा जीव चर्चमध्ये गाणाऱ्या निर्मलावर जडला. तीही विधवा, अंगणवाडीत मदतनीस, बोलायला तिखट. ईस्टरनंतर तिचा भाऊ तिला व्याऱ्याच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाचं स्थळ दाखवायला नेणार, हे कानावर आलं आणि योसेफची झोपच उडाली.

"रविवारले बोली टाक ना भो," कोंबड्यांच्या खाद्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर दगा म्हणाला. "पन तुन्हा अंगले कोंबडीना वास शे. ती पहिले नाक दाबी, मंग ऐकी."

दगानेच सुरतेहून बोटाएवढी अत्तराची कुपी आणून दिली. ऊद, पण हलका. आधी लाकडाचा मंद धूर, मग मागून हळूच गुलाब नि मोगरा. दुकानदाराने सांगितलेली रीतही त्याने पढवली, "एक थेंब मनगटले, एक कानमांगे. घासानं नही. घासशी ते फुलं मरी जातीन."

योसेफने यावर आपली अक्कल चालवली. ईस्टरला फुल शर्ट, म्हणजे मनगट बाहीत. कानाजवळ निर्मला येणार कशाला? पण त्यांच्याकडे उपासना संपली की दाराशी रांग लागते. पहिला बाहेर येऊन उभा राहतो, दुसरा त्याच्याशी हात मिळवून शेजारी उभा राहतो, तिसरा दोघांशी. असं करत प्रत्येकाचा हात प्रत्येकाच्या हातात पडतो. निर्मलाचा हात हाती येण्याची तेवढीच संधी, मग अत्तर तळहाताला नको तर कुठे? शेवटचं गीत चालू असताना त्याने अर्धी कुपी हातावर ओतली आणि वर चांगलं घासलंही.

पुरुष आधी बाहेर पडतात, हे मात्र शहाणा विसरला. पाळकांनी हात धरला तो सोडेनात. इमॅन्युएल मास्तरांनी दोन्ही हातांनी धरला. शेवटी आले म्हातारे सुरुपसिंग काका. त्यांना दिसत कमी. "तेल लागलंय रे तुझ्या हाताला," म्हणत त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मायेने, खसाखसा, तळहात कोरडा करून दिला. मग बायका आल्या. निर्मला समोर आली तेव्हा त्या हाताला उरला होता तो इमानेइतबारे कोंबड्यांचाच वास.

"जय ख्रिस्त," ती म्हणाली. योसेफने हात मिळवला आणि घाईने मागे घेतला. भुईने पोटात घ्यावं असं त्याला झालं.

अंगणात चहा चालू होता. निर्मला कप घेऊन थेट त्याच्यापुढे आली.

"पाळकांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना एकच वास. फक्त तुमच्या हाताला काही नाही. कुपी द्या इकडे."

त्याने चोरासारखी खिशातून काढून दिली. तिने एक थेंब मनगटाला लावला, घासला नाही, मग बोट कानामागे टेकवलं.

"तळहाताला लावतात होय?"

"तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून लावलं," योसेफ एकदाचा बोलला. "कोंबड्यांचा वास काही जात नाही हो."

"माहीत आहे. तुम्ही दारातून आत आलात की मला गाता गाता, मान वर न करता कळतं." तिने कुपी आपल्या पर्समध्ये टाकली. "त्या व्याऱ्याच्या गार्डाला मी कशावरून ओळखणार?"