शेवटच्या चाकाची हवा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीच्या ब्रेकची हवा काढणं. मी गाडीखाली पाठीवर पडलेलो. ती वर ड्रायव्हरच्या सीटवर, पाठीमागं उशी घेऊन, लुगडं आवरून, उजवा पाय पायडलवर.

ज्यानं हे काम केलं नाही त्याच्यासाठी सांगतो. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पायडल पोकळ लागतं, गाडी थांबत नाही. मग एकानं वर बसायचं, दुसऱ्यानं खाली चाकाजवळची बारकी निपल, म्हणजे तेल सोडायची तोटी, पान्यानं उघडायची. खालचा म्हणतो, दाब. वरचा दोनतीनदा दाबतो. खालचा म्हणतो, धर. वरचा पाय दाबून ठेवतो आणि ओरडून सांगतो, धरलं. तेव्हाच निपल उघडायची, तेलासोबत बुडबुडे बाहेर पडतात. निपल पुन्हा कसली की मग, सोड. वरच्यानं घाईनं पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते आणि काम पहिल्यापासून करावं लागतं. माझ्या बायकोनं कधी आधी पाय उचलला नाही.

“धर.”

“धरलं.”

मी निपल उघडली. अजून फेस येत होता.

“झोपले का खाली?” ती वरून म्हणाली.

“बुडबुडे येऊन राह्यले अजून.”

“येऊ द्या. गाडी जवान होऊन राह्यली, माहा पाय म्हतारा होऊन राह्यला.”

“सोड आता.”

तिनं पाय उचलला. मग म्हणाली, “एक विचारू का? हे काम नळी अन् बाटली लावून एकट्यालेबी करता येते ना?”

येतं करता. नळीचं एक टोक निपलला लावायचं, दुसरं टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवायचं, म्हणजे हवा परत शिरत नाही. रस्त्यावरच्या माझ्या टपरीत मी तसंच करत होतो. घरी आणलेल्या गाडीला मात्र तिलाच हाक मारायचो.

“तुले कोनं सांगतलं?”

“कोनी कायले सांगन. तुमचा डबा घेऊन येत होती तं डोळे मिटून येत होती का मी?”

“मंग आजवर बोलली काऊन नाई?”

“बोलली असती तं मले बसाले कोनं देलं असतं? घरात जरा टेकलं का कोनी ना कोनी उठवते. इथी तुमीच म्हनता, पाय उचलू नको.”

मी खाली पडल्या पडल्या हसलो. तेल डोळ्यात जाता जाता राहिलं.

ब्रेकची हवा काढताना सगळ्यात लांबचं चाक आधी घेतात आणि ड्रायव्हरच्या पायाजवळचं शेवटी. तीन चाकं झाली आणि तेलाचा डबा संपला. जावई आरमोरीच्या बाजारातून नवा डबा घेऊन आला तोवर अंधार पडायला आला होता. ती उतरली, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “राहू द्या ते एक चाक. उद्या सकायी काढू.” चूल पेटवायला आत गेली.

गाडी तशीच फाटकाच्या तोंडाशी लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली, कारण आमच्या अंगणात तेवढीच जागा सपाट आणि कडक आहे. परवा निघायचं ठरलं होतं.

गाड्या दोन होत्या. मिलिटरीच्या लिलावात निघालेल्या, नागपूरच्या एका कबाड्याकडून आणलेल्या. एक छोटी जीप, एक लांब, मागं समोरासमोर बाकडी असलेली, तीच ही ठोकळ्यांवरची. पोरगा म्हणाला होता, “बाबा, ह्या वयात ह्या डब्यात कायले हाडं मोडता? एसी गाडी सांगू भाड्यानं, नाई तं रेल्वेनं जाऊ.”

त्याला त्याच्या आईनं उत्तर दिलं. “तुही रेल्वे नदीच्या काठानं जाते का?”

गोष्ट अशी की तिचं माहेर वैनगंगेच्या काठावरचं, मासे धरणाऱ्या ढिवरांचं. आमची जातच पाण्यातली, मी एकटा लोखंडात गेलो. तिचा बाप रोज डोंगा घेऊन नदीत जायचा आणि तिला म्हणायचा, हे पाणी लय दूर जाते पोरी. कुठं जातं ते त्यालाही माहीत नव्हतं. मला गाड्यांच्या कामामुळं थोडं माहीत होतं. मी तिला सांगितलं होतं की ही वैनगंगा चपराळ्याजवळ वर्धेला भेटते, तिथून तिला प्राणहिता म्हणतात, सिरोंच्याला ती गोदावरीत जाते आणि गोदावरी पार समुद्रात. ती म्हणाली, “मले एकडाव तिच्या संगं संगं जायचं आहे. पुरं.” लग्न झालं, पोरं झाली, टपरी चालली, गुडघे गेले. ते एकडाव राहूनच गेलं होतं. आता पोरगी लेकरं घेऊन आली होती, पोराला सुट्टी मिळाली होती. पुढच्या वर्षी तिचे पाय चालतील का याचा भरवसा तिलाच नव्हता. म्हणून ह्या गाड्या. नदीचे रस्ते कुठं डांबराचे, कुठं नुसती रेती. तिथं अशीच गाडी लागते.

मिलिटरीची गाडी बायामाणसांसाठी केलेली नसते. स्प्रिंगचे पाटे इतके जाड की खड्ड्यात माणूस छताला लागतो. मी दोन्हीकडचे काही पाटे उतरवले. लांब गाडीची पुढची सीट इतकी उंच होती की तिचे पाय खाली टेकत नव्हते, लोंबकळायचे. मी लोखंडी पाय कापून सीट खाली घेतली, तिला बसवलं, पुन्हा थोडी कापली.

“आता मले पुढचं काई दिसत नाई,” ती म्हणाली. “निसता इंजिनचा डबा दिसून राह्यला.”

“पाय टेकले ना?”

“मी पाय पाहाले येऊन राह्यली का पानी पाहाले?”

मग खाली एक फळी ठोकली पाय ठेवायला आणि सीट पुन्हा वर घेतली. जावई बाजूला उभा राहून हसत होता. त्याला म्हटलं, तुझ्या बायकोसाठी कापशील तेव्हा समजेल.

वरची ताडपत्री फाटलेली होती. शिंपी म्हणाला सुई मोडते. तिनं जाळं विणायची सुई काढली, माहेरून आणलेली, आणि नायलॉनच्या दोऱ्यानं अंगणात बसून सगळी ताडपत्री शिवली. मागच्या खिडकीचं प्लास्टिक गेलं होतं, तिथं तिनं चक्क बारीक घराचं जाळं बसवलं.

“मागं मासे नेता का, आई?” पोरगी म्हणाली.

“नाई, तुही लेकरं. सांडतीन एखांद्या खड्ड्यात.”

ते जाळं अजून आहे. एक गाठ ढिली झाली नाही.

तीन चाकं झाली त्या रात्री ती जेवली, जरा छाती भरल्यासारखी वाटते म्हणाली, जास्त वरण खाल्लं म्हणाली आणि निजली. सकाळी उठली नाही. एवढंच. याच्यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

पुढं काही महिन्यांनी पोरं त्याच गाड्या घेऊन नदीकाठानं गेली. मीही गेलो, तिची सीट रिकामी ठेवून. पाणी कुठं जातं ते मी पाहून आलो. पण घरी येऊन ज्याला सांगायचं ते माणूस घरी नाही, म्हणून त्या प्रवासाचं मी काही लिहिणार नाही. त्या सकाळचं लिहितो.

उजाडल्यावर गावातले लोक जमले. तिचा भाऊ नदीकाठच्या गावाहून आला. अंगणात तिरडी बांधायला घेतली तर फाटकात गाडी आडवी. तिचा भाऊ म्हणाला, “भाऊजी, ठोकळे काढू अन् ढकलून देऊ बाजूले. चार जन लागलो तं हलते.”

“ब्रेक पुरा नाई तिचा.”

“ढकलाले ब्रेक कायले पाह्यजे?”

“पाह्यजे,” मी म्हटलं. “ढकलाची नाई. तिले ह्याच गाडीत नेतो.”

बायांमधून कोणीतरी म्हणालं, खांदे द्यायला माणसं असताना गाडीत कायले, आपल्यात असं नाही. मी म्हटलं, आपल्यात बायकोसाठी सीट कापत नाहीत, तीबी मी कापली.

पोरगा पुढं आला. रात्रीचेच कपडे होते त्याच्या अंगावर. “बाबा, मी बसतो वर. दाबतो. मले सांगा तसं करतो.”

तो बसला असता. चांगलं दाबलं असतं. पण दाब, धर, हे मला दुसऱ्या कोणाला म्हणता आलं नसतं, आणि तिकडून धरलं असं त्याच्या आवाजात आलं असतं तर मी गाडीखालून बाहेर निघालो नसतो. मी त्याला म्हटलं, “तू मडकं धर बापू. ते काम तुहं आहे.”

टपरीतून नळी आणि बाटली आणली. नळी निपलला लावली, निपल ढिली केली, वर गेलो, पायडल दाबलं, खाली आलो, बाटलीत बघितलं. पुन्हा वर. तिची उशी सीटवर तशीच होती, ती न हलवता पुढंच टेकून बसलो. लोक अंगणात थांबून राहिले. आत बाया तिला आंघोळ घालत होत्या. मी वर-खाली करत राहिलो, बाटलीत एकही बुडबुडा येईना तोवर. मग निपल कसली, चाक चढवलं, ठोकळे काढले.

मागचं फाळकं खाली पाडून दोन बाकड्यांच्या मधात तिला ठेवलं. पोरगी तिच्या डोक्याशी बसली. पोरगा मडकं घेऊन पुढं चालला आणि मी त्याच्या मागं, सगळ्यात हळू गिअरात, त्याच्या पावलांच्या बेतानं. शेजारची सीट रिकामी होती. तिथून तिला रस्ता नीट दिसला असता, आता उंची बरोबर जमली होती.

घाटाचा उतार आमच्याकडं वाईट आहे. खाली रेती आणि लगेच पाणी. उतार लागला तसा मी पाय आधी हलका दाबला, मग पूर्ण. पायडल कडक लागलं, जराही पोकळ नाही. गाडी पाण्याच्या अलीकडं थांबली, वैनगंगा समोर काचेत भरून वाहत होती.

मी मागं न बघता म्हटलं, “धरलं वं.”

मग खाली उतरलो आणि पुढच्या चाकांना दगड लावले.