भरलेलीच राहून गेलेली बंदूक

नोकरीत मी पुष्कळ पंचनामे केले, पण खानापूरच्या रानाकडेला असलेल्या एका गावातला तो पंचनामा अजून माझा पिच्छा सोडत नाही. इंग्रजी अमदानी होती. मी फौजदार होतो, तरुण होतो, आणि आपल्याला कुणी फसवू शकत नाही असा माझा पक्का समज होता.

पोलीस पाटलाची वर्दी आली की रानडुकराच्या शिकारीत एक माणूस दगावला. भात पोसवलं की डुकरं शेतात लोळतात, म्हणून गाव हाका घालून शिकार करत असे. बंदूकवाले ठरलेल्या जागी बसायचे, बाकीचे ओरडत डुकरं त्यांच्याकडे हाकायचे. शिंग वाजेपर्यंत जागा सोडायची नाही. शिंग वाजलं की सगळ्यांनी हवेत बार काढून ठासणीच्या बंदुका रिकाम्या करायच्या आणि मगच गावात शिरायचं. रिवाज चांगले होते. सगळे पाळले गेले नाहीत, एवढंच.

प्रेत पाहिलं. गोळी मागून कमरेत लागली होती. पाटील म्हणाला, "नळी धरून बंदूक मागनं वढत झाळीतनं चाललावता, साहेब. चापाला येल अडिकला न् बार उडाला." असे अपघात मी पाहिले होते. जबाब घेतले, सगळे एकसारखे आले. तेव्हाच शंका यायला हवी होती. मेलेल्याची बंदूक घेऊन मी ठाण्यावर परतलो.

तिसऱ्या दिवशी निनावी चिठ्ठी आली. मेलेला तो धाकटा, त्याला थोरल्या भावाने मारलं, वाटणीपासून दोघांत बोलणं नव्हतं, असा मजकूर. निनावी चिठ्ठ्या बहुधा कुणाचा तरी जुना राग काढायला लिहिलेल्या असतात, तरी मी कोपऱ्यातली बंदूक उचलली. नळीत गज सोडला. तो तळापर्यंत जायला हवा होता, पण वीतभर वरच अडला. बंदूक भरलेली होती! बार पेटवणारी टोपीसुद्धा जागेवर. तीन दिवस आमचा हवालदार तिला टेकून पान खात होता. रिकामीच असेल असं मी गृहीत धरलं होतं, हातात घेऊन तपासली नव्हती. मला दरदरून घाम फुटला.

घाम पुसल्यावर उलगडा झाला. बाकीच्यांनी रिवाजाप्रमाणे बार काढले. मेलेल्याच्या बंदुकीला मात्र कुणी हात लावला नाही, ती न उडता तशीच भरलेली राहिली, आणि तिने गावाचं खोटं उघडं पाडलं.

बंदूक घेऊन मी थेट त्या भावांच्या घरी गेलो. थोरला अंगणात बसला होता, दाढी वाढलेली. त्याच्यासमोर नळीत गज सोडला. अडलेला गज बघून त्याने तोंड झाकून घेतलं. आतून म्हातारी आई धावत आली आणि माझ्या पायाशी बसली.

"समद्यास्नी मीच शपथ घातली, साहेब. एक गेला. ह्यो बी फासावर गेला तर मी कुणाकडं बघू?"

थोरला मग बोलला. "थंडी लई हुती, साहेब. त्यो कुडकुडत हुता. वर्सानं पयल्यांदा त्याच्यासंगं बोललो, 'घे रं,' म्हणलो न् माजं घोंगडं त्याला दिलं. शिंग वाजायच्या आदीच त्यो जागा सोडून जखमी डुकराचं रगत हुडकत गेलता. धुक्यात मला झाळीत काळं काय तरी हाललेलं दिसलं. माजंच घोंगडं हुतं, न् मला वळिकलं न्हाय."

खुनाचा गुन्हा दाखल करायला माझ्याकडे वैर होतं, गोळी होती आणि सगळ्या गावाचं खोटं होतं. माणूस फासावर जायला तेवढं पुरे होतं. पण मन घेईना. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, धुक्यात, मी रिकामी बंदूक घेऊन थोरल्याच्या जागी बसलो. हवालदार घोंगडं पांघरून त्या झुडपांत वाकला. तो माणूस आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी घोंगडं हललं आणि माझं बोट चापावर गेलं.

हे मी अहवालात जसंच्या तसं लिहिलं, स्वतःच्या बोटासकट. वरिष्ठ हसले असतील, हसोत. चौकशीअंती अपघात मान्य झाला. म्हातारीला सांगायला मी स्वतः गेलो. ती थोरल्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवत राहिली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी पाटलावर ओरडलो.

लोक खोटं बोलले की त्यामागे पाप असणार, असं मी तोवर धरून चालत होतो. इथे नुसती भीती होती, आणि त्या भीतीने निर्दोष माणसाला फासाच्या दारात नेऊन उभं केलं होतं. तेव्हापासून कुठलीही बंदूक मी भरलेली समजूनच हातात धरली, आणि कुठलाही जबाब घाईने निकालात काढला नाही.

पुढच्या वर्षी शिकारीच्या दिवशी परवाने तपासायला मी त्या गावी गेलो. हुकूम लिहूनच नेला होता: घोंगडं पांघरून रानात जायचं नाही, डोक्याला पांढरं फडकं बांधायचं. खिशातून कागद काढायची वेळच आली नाही. म्हातारी वेशीवर उभी होती. धाकट्याचं लग्नातलं धोतर फाडून तिने पट्ट्या केल्या होत्या आणि एकेकाच्या डोक्याला बांधत होती.

"पांढरं दिसलं की हात आवरा रं," ती प्रत्येकाला म्हणत होती, "त्यो माजा ल्योक हाय."

थोरला रांगेत शेवटी उभा होता. त्याच्या हातात बंदूक नव्हती, शिंग होतं.