मायच्या बाजेसाठी तीन टप्पे

मी काही लिहावं, एवढा मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, म्हणून गावाकडच्यांना वाटतं, याला लिहिता येत असेल. मला येतात ती जर्नलं आणि ड्रॉइंगच्या शीट. तरी परसातल्या त्या लाकडी टप्प्यांबद्दल सांगावंसं वाटतं. कुठं कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

भूकंपानंतर आम्ही गाव सोडून लातूरच्या कडेला राहायला आलो. विटांचं घर, वर पत्रे. पुढच्या दोन खोल्यांत क्लासला आलेली मुलं भाड्यानं राहायची. तेव्हा लातुरात ज्याच्याकडे एक खोली जास्तीची, त्याच्या दारात सायकलींची रांग असायची. मागचं दार उघडलं की परस थेट ओढ्याकडे उतरत जायचं. त्या उताराच्या तळाशी लिंब होता आणि लिंबाखाली मायची बाज.

माय घरात झोपत नव्हती. भूकंपात तिची धाकटी बहीण माळवदाखाली, छपराच्या त्या जड मातीखाली गेली, तेव्हापासून. स्वयंपाकपाणी आत, पण पाठ टेकायची ती बाहेरच. सुरुवातीला सगळेच बाहेर झोपायचे. हळूहळू लोक आत गेले, माय राहिली. पत्रे हलके असतात, हे तिला सगळ्यांनी सांगून झालं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाजेवर छोटं छप्पर करून दिलं. पावसात ती वरून कोरडी राहायची, पण उताराचं पाणी बाजेखालून वाहायचं. काळी माती भिजली की पाय ठरत नाही. मागच्या पावसाळ्यात ती तांब्यासकट घसरली आणि कितीतरी दिवस मनगट बांधून भाकरी थापत होती. आणखी एक पावसाळा तिनं तिथं काढू नये, एवढंच आबांना आणि मला हवं होतं.

मी तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो आणि उताराची मापं घेतली. शीटवर लाकडी ओट्यांसारखे तीन टप्पे काढले. एक लिंबाजवळ, जमिनीपासून थोडासा उचललेला. दुसरा मधोमध. तिसरा मागच्या दाराच्या उंबरठ्याला लागून. मध्ये तिच्या गुडघ्यांना झेपतील अशा बुटक्या, रुंद पायऱ्या. प्रत्येक टप्प्यावर बाज मावेल एवढी जागा आणि वर हलका पत्रा. तिला आत ये म्हणायचं नाही, घरच थोडं तिच्याकडे न्यायचं, असं माझ्या मनात होतं. हे मी कुणाला बोललो नाही.

मायनं शीटवर बोट ठेवलं. "ह्यात मी कुठं हाय?"

बाज मी खालच्याच टप्प्यावर काढली होती. ती बघून ती हसली.

"मग वरचे दोन कुनाला? पाव्हन्याला?"

गावच्या घराचं माळवद आबांनी उतरवून ठेवलं होतं. सागाच्या तुळया, फळ्या, सगळं. तेच लाकूड वापरू का, असं मी भीत भीत विचारलं.

"लाकडानं कुनाला मारलं न्हाई, बाबा," माय म्हणाली. "त्याच्यावरच्या मातीनं मारलं."

काळी माती फुगते, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत खड्डे घेतले आणि खांब रोवले. काका गावाहून मदतीला आले. क्लासची मुलं येता-जाता विचारायची, "काकू, वरचा मजला आम्हाला अभ्यासाला देता का?" आणि काका त्यांना ऐकू जाईल असं मला म्हणायचे, "काय इंजनेर, भाषन हाय का कुनाचं? ष्टेज तर लई मोठं बांधून राहिले!"

तिन्ही टप्पे उभे राहिले तेव्हा मी सामान आणायला बाजारात गेलो होतो. परत आलो तर आबा आणि काका मोठ्या कौतुकानं खालच्या टप्प्यावर पांढरी माती पसरत होते. फळ्यांवर पाचट, पाचटावर माती, आणि वरून धुम्मसाचे ठोके. आयुष्यभर त्यांनी आडव्या लाकडावर हेच केलं होतं. फळ्या मी फटी ठेवून ठोकल्या होत्या. त्यांना वाटलं, पोराचं काम अर्धवट राहिलं.

"गळंल की रे," काका म्हणाले.

"गळू दे काका, खाली जमीनच हाय."

तेवढ्यात माय चहा घेऊन दारात आली. लाकडावरची माती तिला दिसली. तिनं चहा उंबरठ्यावर ठेवला आणि ती आत निघून गेली. संध्याकाळी बाज तिनं टप्प्यापासून दूर, ओढ्याकडे ओढली होती.

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः माती खरवडली. पाणी ओतून ओतून एकेक फट त्यांनी काडीनं मोकळी केली. मग मायला हाक मारली. "ये, बघ. खालचं गवत दिसून राहिलं."

माय वाकली. फटीत बोट घालून पाहिलं. मग म्हणाली, "बाज आना."

मी नांदेडला परतलो तेव्हा ती खालच्या टप्प्यावर झोपत होती. पाऊस सुरू झाला. शेजारच्या दुकानात फोन केला की आबा यायचे आणि म्हणायचे, "हाव, बरं हाय सगळं." माय शेजारीच उभी असायची, त्यामुळे ती कुठं झोपते हे ना मला विचारता यायचं, ना त्यांना सांगता.

मग एक दिवस आमच्याकडे राहणारा एक मुलगा बिलोलीला घरी जाताना होस्टेलवर आला. मायनं त्याच्याकडे शेंगदाण्याची चटणी दिली होती. डबा हातात देऊन तो पहिलं म्हणाला, "दादा, काकूंना काहीतरी सांगा बरं. मोठ्यानं पाठ करू देत नाहीत."

"का? तिला तिथं लिंबाखाली कुठं ऐकू येतंय?"

"येतंय म्हणजे? आधी मधल्या टप्प्यावर होत्या, मग दारापाशी आल्या, तोवर ठीक होतं. आता पोळ्यापासून मागच्या खोलीतच झोपतात. तेही दार सताड उघडं टाकून. सगळे डास आम्हाला चावून राहिलेत."